नानाभाई मूस आणि कुलाब्याची चुंबकसूची

आपल्या नरखेड तालुक्यातील एखाद्या घरी रेडिओवर बातम्या चालू असाव्यात आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणी मिक्सर फिरवावा, की बातम्यांत एकदम खरखर माजते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे तुकडे फिरत्या भागावर घासत असतात. तेथे बारीक ठिणग्या उडतात, व त्यांपासून निघालेल्या लहरी रेडिओत शिरतात. मिक्सर थांबला की खरखर थांबते आणि घरची मंडळी ती गोष्ट विसरून जातात. परंतु असा उपद्रव एका अख्ख्या शहराकडून व्हावयाचा असला, आणि ज्या यंत्रास तो व्हावयाचा त्याने अर्धशतकाहून अधिक काळ अखंड नोंद राखिलेली असली, तर काय करावे? विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न मुंबईस एका पारशी शास्त्रज्ञापुढे उभा राहिला. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी मुंबईत झाला. योगायोग असा की, त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबरच्या आरंभी, सूर्यावरील मोठ्या उत्पातामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले होते. तारायंत्रे बिघडली आणि पुष्कळ देशांत आकाशात विलक्षण प्रकाश दिसला. मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली होती, आणि १८४६ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकशक्तीची नियमित नोंद होत असे. त्या दिवशी तेथील निरीक्षकांनी सूचीचे विचलन डोळ्यांनी पाहून अंक टिपून ठेविले. सूचीस उत्तरेकडे ओढणारी आडवी शक्ती सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरली होती. हे अंक पुढे कोणाच्या उपयोगी पडतील, याची त्या लिहिणारांस कल्पना नसावी.

नानाभाईंनी उच्च शिक्षण एडिनबर्ग येथे घेतले आणि परत येऊन वेधशाळेच्या कामी ते रुजू झाले. १८९६ साली चार्ल्स चेंबर्स वारले, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे संचालकपद नानाभाईंकडे आले. तोवर हे पद भारतीय मनुष्यास मिळाले नव्हते. १९१९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, त्यांनी ते सांभाळिले.

आता ट्रामची हकीकत. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम चालत, आणि त्यांचा पहिला मार्गच कुलाब्याहून निघे. घोडे सोडून ट्राम विजेवर चालवाव्यात असे ठरू लागले, तेव्हा नागरिकांस आनंद झाला असल्यास नवल नाही. वेधशाळेस मात्र ते संकट होते. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते व रुळांवाटे वीजघराकडे परत जाते. परंतु रूळ जमिनीस लागून असल्यामुळे त्या प्रवाहाचा काही भाग ओलसर जमिनीत व नळांत पाझरतो आणि दूरवर भटकत राहतो. जेथे प्रवाह तेथे चुंबकत्व. पृथ्वीच्या शक्तीत दिवसाकाठी जो स्वाभाविक फरक पडतो, तो पुरता हजारावा भाग असेल-नसेल. तोच टिपण्यासाठी सारा खटाटोप. गाडी सुटली, थांबली, वळली, की प्रत्येक वेळी सूची थरथरणार, मग सूर्य कोणता आणि ट्राम कोणती हे निवडावयाचे कसे?

येथे थोडे विषयांतर करितो. घरातील विजेच्या उपकरणांमुळे डोके दुखते, झोप उडते, असे सांगणारी माणसे हल्ली आढळतात. त्यांचा त्रास खोटा नसतो. तथापि उपकरण चालू आहे की बंद हे कळू न देता घेतलेल्या परीक्षांत बहुधा त्यांस ते ओळखता आलेले नाही. चुंबकसूचीची गोष्ट निराळी. तीस सांगावे लागत नाही.

नानाभाईंनी ट्रामशी भांडण मांडिले नाही. शहराची गरज मोठी होती हे उघडच होते. पण नवी जागा सिद्ध झाल्यावाचून जुनी सोडावयाची नाही, एवढे मात्र त्यांनी धरून ठेविले. समुद्रापलीकडे, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर अलिबाग आहे. (ते त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, जिल्हा आता रायगड म्हणून ओळखिला जातो. मुंबईतील कुलाबा वेगळा, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) जागा शांत, आणि मुंबईच्या इतकी जवळ की दोन्हीकडील अंक पडताळून पाहता येतील. तेथे वेधशाळेसाठी जे बांधकाम झाले त्यात पोरबंदरी दगड वापरिला व लोखंड कटाक्षाने टाळिले. अशा खोलीत शिरताना निरीक्षकास खिशातील किल्ल्या व चाकूदेखील बाहेर ठेवावे लागतात.

१९०४ च्या एप्रिलात अलिबागेस नोंद सुरू झाली. तरी कुलाब्याची बंद केली नाही. पुरी दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या सूच्या एकाच वेळी चालल्या, आणि दोहोंतील नेहमीचा फरक कळल्यावरच १९०६ साली कुलाब्याच्या सूचीस विश्रांती मिळाली. माझ्या मते नानाभाईंच्या साऱ्या कार्यात ही दोन वर्षे सर्वांत मोलाची. नुसती यंत्रे हलविणे कोणासही साधते. साठ वर्षांचा धागा न तुटू देता हलविणे कठीण. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा सूची तिच्या त्रासापासून दूर जाऊन बसली होती.

मग नानाभाईंनी १८४६ पासून १९०५ पर्यंतचे सारे अंक एकत्र करून १९१० साली दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यांत त्यांनी चुंबकीय वादळांचा विचार एका नव्या रीतीने केला: घड्याळाचे तास बाजूस ठेवून वादळ सुरू झाल्यापासूनचे तास मोजिले, आणि अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांचे सामान्य रूप शोधिले. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या इंग्रज अभ्यासकांनी पुढे ही वाट रुंद केली. भूकंपमापनाकडेही नानाभाईंचे लक्ष होते. एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते. १४ मार्च १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मवर्षातील त्या वादळाचे कुलाब्यास टिपलेले अंक भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासून २००३ साली जगापुढे मांडिले, तेव्हा त्या वादळाचे बळ किती होते याचा ठोस अंदाज बांधता आला. आता उपग्रह व वीजवाहिन्या यांच्या रक्षणाचा विचार करणारे लोक ते अंक वापरितात. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. अलिबागेची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली आजही नोंद घेत आहे.