मूठभर धान्याचा हिशेब

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक त्यांच्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांची मोजदाद करून थांबतात. वसतिगृहांत आयुष्य वेचलेल्या आम्हां शिक्षकांस मात्र निराळाच प्रश्न पडतो. ज्या घरांत दहा वर्षांचा मुलगा म्हणजे गुरांमागचा एक गडी होता, त्या घरांनी आपली मुले या माणसाच्या हाती का दिली? आणि तीही अस्पृश्य ठरविलेल्या समाजांच्या मुलांशेजारी एका पंगतीत बसण्यासाठी?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. मूळ गाव सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरातील जैन वसतिगृहात राहून ते शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, अशी हकीकत चरित्रकार देतात. राजर्षी शाहू महाराजांच्या छायेत त्यांची दृष्टी घडली. मॅट्रिक मात्र झाले नाही.

पुढे पोटासाठी त्यांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. चरित्रांतून हा भाग दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मते त्यांचे खरे शिक्षण येथेच झाले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती आणि किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यामुळे दीर्घकाळ पडून राहिले होते. असला माल खपवायचा तर शेतकऱ्यास अडाणी म्हणून चालत नाही. त्याच्या बांधावर बसावे लागते, त्याची भीती ऐकून घ्यावी लागते, सावकाराचे देणे किती आहे हे कळावे लागते. सातारा-सांगलीची खेडी भाऊरावांना अशी आतून कळली. शिक्षणाविषयीची शंकाही त्यांना त्याच जातीची वाटली असावी. मुलगा शिकला तर हाताबाहेर जाईल, शेतीस निरुपयोगी होईल आणि जातही जाईल, असे बाप म्हणत. या शंकेला व्याख्यान हे उत्तर नव्हते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीस, कराडजवळील काले येथे सत्यशोधकांच्या मेळाव्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. स्वयंपाक, लाकडे आणणे, झाडलोट ही कामेही मुलेच करीत. मुलगा सुटीत घरी आला तो नांगराला हात लावायला लाजत नाही, हे बापाने डोळ्यांनी पाहिले. नांगर शेतात चालवून दाखवावा, तसेच हे झाले.

पैशाचा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडविला ती रीत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तिला मुष्टिफंड म्हणत. पहाटे जात्यावर बसताना घरच्या बाईने दळणातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावी आणि जमलेले धान्य वसतिगृहासाठी गोळा करावे, इतकीच ती योजना. मूठभर जोंधळा दिल्याने कोणाचे घर उघडे पडत नाही. परंतु जी बाई रोज पहाटे मूठ वेगळी काढते, ती ही मूठ कोणासाठी आहे याची चौकशी करू लागते, आणि एके दिवशी आपलाही पोर तिथे का नसावा असे तिच्या मनात येते. शिवाय धान्य एकदा एका पोत्यात पडले की कोणता दाणा कोणत्या आळीचा हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही. सहभोजनाची सुरुवात अशी मुले पंगतीस बसण्याआधीच झालेली असे. आजकाल शिक्षकांच्या सभांतून पालकांच्या उदासीनतेची तक्रार नित्य ऐकू येते. त्या पालकांकडून शुल्काखेरीज काय मागितले जाते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

सर्वांत अवघड उंबरठा घरातलाच होता. पत्नी लक्ष्मीबाई सुखवस्तू आणि सोवळ्या जैन घरातून आलेल्या. सर्व जातींच्या मुलांचा हा संसार त्यांना सहजासहजी पेलला नसणार. पण त्या बदलल्या, मुलांच्या आई झाल्या. एकामागून एक दागिने वसतिगृहासाठी गेले. एकदा धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी जितके लिहिले जावयास हवे होते तितके लिहिले गेलेले नाही.

१९३२ साली भाऊरावांनी पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. त्या कराराविषयीचे आमचे मत सर्वश्रुत आहे आणि ते येथे लपविण्याचे कारण नाही. तथापि त्या बोर्डिंगात एकत्र राहून शिकलेल्या मुलांचे मोल त्यामुळे उणे होत नाही. १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. शहरातून आलेला मास्तर खेड्यात टिकत नाही, म्हणून खेड्यातल्याच मुलाला मास्तर करावे, हा त्यामागचा साधा विचार होता. मग जेथे शाळा नव्हती तेथे गावाने जागा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा, अशा शाळा उभ्या राहिल्या. चावडी, देऊळ, धर्मशाळा, जे असेल ते चाले.

या नात्याची परीक्षा गांधीहत्येनंतरच्या काळात झाली. भाऊरावांच्या एका भाषणावरून सरकार रुष्ट झाले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेस हा घाव प्राणांतिक ठरावा. भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले. संत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापाशी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्यांनी कधी शाळेत पाऊल टाकले नव्हते अशा माणसाने शाळांसाठी सरकारदरबारी रदबदली करावी, हे दृश्य इतिहासाच्या विद्यार्थ्यास विसरता येत नाही.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या भाऊरावांना डी.लिट. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तोवर मूठ-मूठ जोंधळ्यावर वाढलेली पहिली मुले स्वतः मास्तर होऊन खेड्यांत पोरांची हजेरी घेत होती.