दीनबंधू अँड्र्यूज : गिरमिट मोडणारा पाद्री

चार्ल्स फ्रीयर अँड्र्यूज हे नाव गांधीजींच्या चरित्रात एखाद्या ओळीत येते आणि जाते. मला मात्र हा इंग्रज पाद्री आम्हा बीडकरांना जवळचा वाटायला हवा असे वाटते. त्याचे कारण ऊस. पण ते पुढे सांगतो.

१८७१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जन्मलेले अँड्र्यूज १९०४ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. काही वर्षांतच प्राचार्यपद रिकामे झाले. ते गोऱ्यालाच मिळायचे, असा तोवरचा शिरस्ता. अँड्र्यूज यांनी सुशीलकुमार रुद्र या हिंदी ख्रिस्ती सहकाऱ्याच्या बाजूने आग्रह धरला आणि स्वतः त्यांच्या हाताखाली काम केले.

दक्षिण आफ्रिकेत हिंदी मजुरांचा सत्याग्रह पेटला, तेव्हा आपले पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना तिकडे धाडले. जानेवारी १९१४ मध्ये ते विल्यम पिअर्सनसह डर्बनला उतरले. धक्क्यावर मुंडण केलेला, मजुराच्या वेषातला एक माणूस उभा होता. तेच गांधी, हे कळताच अँड्र्यूज वाकून त्यांच्या पाया पडले. तिथल्या गोऱ्या समाजाला ही गोष्ट फार झोंबली. पण याच माणसाने गांधी आणि जनरल स्मट्स यांच्यात ये-जा करून, शब्दाशब्दावर अडलेली बोलणी पुढे सरकवली. रेल्वेच्या गोऱ्या कामगारांनी संप केला तेव्हा सरकारच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून गांधीजींनी आपला मोर्चा थांबवला होता, त्याचाही स्मट्सवर परिणाम झाला असणार. तीन पौंडांचा कर गेला, हिंदी पद्धतीच्या विवाहांना मान्यता मिळाली. त्याच दिवसांत इकडे विलायतेत अँड्र्यूजची आई वारली.

आता उसाचे. १९१५ मध्ये ते फिजी बेटांवर गेले. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे हत्यार. तिथल्या मजुरांच्या तोंडी मात्र ‘ॲग्रीमेंट’चे गिरमिट झाले होते. सुमारे साठ हजार हिंदी माणसे या कराराने फिजीला गेली. पाच वर्षांची बांधिलकी, रोजचे ठरलेले काम, ते पुरे झाले नाही तर कोर्ट, दंड, प्रसंगी तुरुंग. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका, आणि त्यातून होणारी त्यांची विटंबना.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती हंगामभर फेडायची आणि खाडा पडला की दंड. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी चौकशी झाली. इथे करार मोडला म्हणून कायदा कुणाला तुरुंगात घालत नाही, हा फरक मोठा आहे, मान्य. तरी फिजीचे वर्णन वाचताना मला आमच्याच पालांची आठवण होते.

अँड्र्यूज मजुरांच्या खोल्यांत गेले, तसेच मळेवाल्यांशीही बोलले. मळेवाल्यांना राक्षस ठरवून त्यांनी अहवाल लिहिला नाही, दोष व्यवस्थेवर ठेवला. १९१७ मध्ये मजूरभरती थांबली. ते पुन्हा फिजीला गेले. १ जानेवारी १९२० रोजी उरलेली सारी गिरमिटे रद्द झाली.

सरकारच्या सदिच्छेवर त्यांचा जरा जास्तच विश्वास होता, असे माझे मत. पण गांधीजींचेही ते होयबा नव्हते. १९१८ मधली सैन्यभरती आणि १९२१ मधली परदेशी कापडाची होळी, दोन्ही त्यांना पटली नाहीत व त्यांनी ते स्पष्ट कळवले. मैत्रीत मात्र अंतर पडले नाही. १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते उशाशी होते. त्याच वर्षी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास झाला, तेव्हाही शुश्रूषेला तेच.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. तिथल्याच लोअर सर्क्युलर रोडवरच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे.