बाराखडीपाशी बसलेला देव : विल्यम होम्स मॅकगफी यांचे चरित्र

अमेरिकेच्या प्राथमिक शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना सद्गुण कसे शिकवले जात, याचा शोध घेऊ लागले की वाट फिरून फिरून एकाच नावापाशी येते. ते नाव विल्यम होम्स मॅकगफी यांचे. त्यांच्या वाचनमालेच्या सुमारे बारा कोटी प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज केला जातो. पण संख्येपेक्षा त्या मालेचा पसारा विलक्षण आहे. ओहायो, इंडियाना, केंटकी, आयोवा अशा प्रदेशांत दोनतीन पिढ्यांनी अक्षरे, व्याकरण आणि परमेश्वराचे भय ही तिन्ही एकाच पुस्तकातून घेतली. आज आपल्यापैकी अनेकांची मुले त्याच प्रदेशांतील सार्वजनिक शाळांत शिकतात. त्या शाळांतून बायबल कसे बाहेर गेले आणि मागे काय उरले, हे या गृहस्थांच्या आयुष्याच्या आधाराने समजून घेता येते.

मॅकगफी यांचा जन्म २३ सप्टेंबर १८०० रोजी पश्चिम पेनसिल्व्हेनियातील वॉशिंग्टन परगण्यात झाला. घराणे स्कॉट-आयरिश वंशाचे, पंथाने प्रेस्बिटेरियन. मूल दोन वर्षांचे असतानाच कुटुंब ओहायोच्या ईशान्येकडील जंगलात, ओंडक्यांच्या घरात राहायला गेले. वडील अलेक्झांडर यांचे तरुणपण सरहद्दीवरील लढायांत गेले होते. शिक्षणाची ओढ होती ती आई ॲना यांना. आई बागेत गुडघे टेकून मुलांच्या शिक्षणासाठी प्रार्थना करीत होती, ती रस्त्याने जाणाऱ्या एका पाद्र्याने ऐकली आणि मुलाला आपल्या शाळेत घेतले, अशी एक कथा सांगतात. थोरांच्या चरित्रांत अशा कथा नेहमीच येतात, तेव्हा ती कथा म्हणूनच घ्यावी. पाद्री मात्र खरे आणि त्यांची ग्रीर्सबर्ग येथील शाळाही खरी.

त्याआधीच विल्यम स्वतः शिक्षक झाले होते. वय अवघे चौदा. पालकांनी वर्गणी काढून चालवलेल्या एका खोलीच्या शाळेत त्यांनी ४८ मुलांना शिकवले. ते गाव तेव्हा वेस्ट युनियन म्हणून ओळखले जाई. आज त्याचे नाव कलकत्ता आहे. ओहायोच्या नकाशात हे नाव पाहून दचकलेले देशबांधव मला ठाऊक आहेत.

त्या काळच्या अशा शाळेत वर्ग नसत. सहा वर्षांचे पोर आणि शिक्षकाहून थोराड मुलगा एकाच बाकावर. पुस्तके घरून येतील ती. बहुधा घरातले बायबलच. शिक्षक शिकवीत, कमाई साठवीत आणि मग स्वतः शिकायला जात. मॅकगफींचे शिक्षण असे तुकड्यातुकड्यांनी झाले आणि वॉशिंग्टन कॉलेजातून ते १८२६ साली पदवीधर झाले. त्याच वर्षी ओहायोतील ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठात त्यांना प्राचीन भाषांचे अध्यापक म्हणून बोलावणे आले. पुढच्या वर्षी डेटनच्या हॅरिएट स्पिनिंग यांच्याशी विवाह झाला. १८२९ मध्ये प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक म्हणून मान्यता मिळाली. प्रवचने ते लिहून काढीत नसत, आणि बायबलचे मोठमोठे भाग त्यांना मुखोद्गत होते.

ऑक्सफर्डच्या घरात जे घडले ते मला त्यांच्या सगळ्या पदव्यांहून मोलाचे वाटते. लॅटिन-ग्रीक शिकवणारे हे प्राध्यापक शेजारपाजारची लहान मुले गोळा करून त्यांना वाचायला लावीत. कोणता उतारा कोणत्या वयाला पेलतो, कोणत्या शब्दावर जीभ अडखळते, कोणती गोष्ट मूल पुन्हा मागते, हे ते टिपून ठेवीत. पाठ्यपुस्तक मुलांवर पारखून मग छापावे, हा विचार त्या काळी रूढ नव्हता. इंग्लंडहून आलेली किंवा बॉस्टनमध्ये तयार झालेली पुस्तके मुलांच्या हाती दिली जात. पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या मुलाला ती समजतात की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते.

१८३५ साली सिनसिनाटीच्या ट्रुमन आणि स्मिथ या प्रकाशकांनी त्यांच्याशी करार केला. विक्रीवर दहा टक्के, आणि तेही एक हजार डॉलर भरेपर्यंतच. पुढचे सारे प्रकाशकाचे. पहिली दोन पुस्तके १८३६ मध्ये, तिसरे व चौथे १८३७ मध्ये निघाले. पाचवे व सहावे पुढे त्यांचे धाकटे बंधू अलेक्झांडर यांनी सिद्ध केले. प्रकाशक गडगंज झाले. लेखकाला नंतर कृतज्ञतेपोटी काही वार्षिक रक्कम मिळू लागली आणि नाताळला खारवलेल्या मांसाचे पिंप येई, असे सांगतात.

या पुस्तकांत होते तरी काय? पहिल्या पुस्तकात छोटी वाक्ये: सूर्य, गाय, कुत्रा, पाऊस, आणि हे सारे घडवणारा परमेश्वर. थोडे पुढे गेले की गोष्टी सुरू होतात. एका मुलाला नववर्षाची भेट म्हणून चांदीचा डॉलर मिळतो. बर्फाचा गोळा फेकताना त्याच्या हातून एका व्यापाऱ्याच्या घराची काच फुटते. तो आधी पळतो, मग थांबतो, मागे फिरून कबुली देतो आणि डॉलर देऊन टाकतो. पुढे त्याच व्यापाऱ्याकडे नोकरी लागते आणि अखेर तो त्याचा भागीदार होतो. दुसऱ्या गोष्टीत धुराडी साफ करणारे गरीब पोर श्रीमंत घरातले सोन्याचे घड्याळ हातात घेते आणि परत ठेवते. बाजूच्या खोलीतून बाई हे पाहत असते. आळशी मुलाच्या वाट्याला लाज, खोटे बोलणाऱ्याच्या वाट्याला एकटेपण. देव पाहतो आहे, ही जाणीव ओळीओळींतून वाहते.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सचोटीचे फळ या गोष्टींत बहुतेक वेळा याच जन्मी, आणि बऱ्याचदा रोख स्वरूपात मिळते. कठोर कॅल्व्हिन मताच्या एका पाद्र्याने निवडलेल्या धड्यांत ही जमाखर्चाची नीती यावी, याचे मला नवल वाटते. कदाचित मुलांचा स्वभाव त्यांनी नीट ओळखला होता. तरीही मूळ आवृत्तीत याच्या जोडीला मृत्यू, पाप, तारण आणि पर्वतावरील प्रवचन होतेच. बायबल हे इतर वाचनाच्या शेजारी ठेवलेले एक पुस्तक नव्हते. साऱ्या वाचनाचा पाया तेच होते. आपल्याकडे मुंबईत याच सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे इसापनीती आणि बाळमित्र मराठीत आणत होते. तिथेही बोधकथाच होत्या, परंतु कोल्ह्या-करकोच्यांच्या बोधाला कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार लागत नव्हता.

मालेवर पहिला घाला घातला तो कोणा नास्तिकाने नव्हे. १८३८ मध्ये बॉस्टनचे पाठ्यपुस्तककार सॅम्युअल वूस्टर यांनी उचलेगिरीचा दावा दाखल केला. प्रकाशकांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली आणि वादग्रस्त उतारे बदलले. प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्या पुस्तकावरच हा आरोप यावा, यावर त्या काळी कोणी हसले असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

मॅकगफी स्वतः तोवर पुस्तकांपासून दूर, महाविद्यालयांच्या कारभारात गुंतले होते. १८३६ ते १८३९ सिनसिनाटी कॉलेजचे अध्यक्षपद, मग अथेन्स येथील ओहायो विद्यापीठ. तिथे शिस्त कडक केली, आवारात एल्मची झाडे लावली. परंतु विद्यापीठाच्या जमिनींचे भाडे वाढवण्यावरून गावाशी बिनसले, विधिमंडळानेही साथ दिली नाही आणि १८४३ मध्ये ते बाहेर पडले. प्रशासक म्हणून त्यांची कारकीर्द यशस्वी म्हणता येत नाही. १८४५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, ते व्हर्जिनिया विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक राहिले. यादवी युद्ध आले तेव्हाही ते तिथेच होते. त्यांची पुस्तके युद्धाच्या दोन्ही बाजूंची मुले वाचत होती. ते शक्य झाले याचे एक कारण उघड आहे: गुलामगिरीविषयी माला मौन राहिली. ओहायो नदीच्या पलीकडे माणसे विकली जात असताना अलीकडे दयेचे धडे छापले जात होते. चरित्रकाराने हे मौन झाकू नये.

दुसरा प्रश्न त्यांच्या पुस्तकांच्या जन्मगावातच पेटला. सिनसिनाटीत जर्मन आणि आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने आले होते, ज्यूंची वस्ती वाढली होती. सर्वांची म्हणवणारी शाळा ही प्रत्यक्षात प्रॉटेस्टंट शाळा आहे, अशी त्यांची तक्रार होती. तिथे वाचले जाणारे बायबल राजा जेम्सच्या आवृत्तीचे, ते कॅथलिकांना अमान्य. आणि नव्या कराराच्या नजरेतून ज्यूंकडे पाहणारे धडे ज्यू मुलांनी मोठ्याने वाचायचे. १ नोव्हेंबर १८६९ रोजी शहराच्या शिक्षणमंडळाने शाळेतील बायबलवाचन बंद करण्याचा ठराव केला. बाजूने २२, विरुद्ध १५. शहर ढवळून निघाले, खटला झाला. खालच्या न्यायालयात मंडळ हरले. एकटे न्यायमूर्ती अल्फॉन्सो टॅफ्ट, भावी राष्ट्राध्यक्षांचे वडील, मंडळाच्या बाजूने उभे राहिले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेर एकमताने मंडळाचा अधिकार मान्य केला. विशेष हे की ठरावाच्या पाठीराख्यांत स्वतःच्या धर्मावर निष्ठा असलेले लोकही होते. सरकारी पगारदाराच्या तोंडून आपल्या मुलाने कोणाचा धर्म ऐकावा, हा त्यांचा प्रश्न होता. परदेशात मुले वाढवणाऱ्या आपल्याला तो समजायला फार प्रयास पडू नयेत.

मॅकगफी ४ मे १८७३ रोजी शार्लट्सव्हिल येथे वारले. सहा वर्षांनी, १८७९ मध्ये, प्रकाशकांनी मालेची नवी आवृत्ती काढली. चित्रे सुरेख झाली, गोष्टी सुटसुटीत झाल्या. पाप आणि तारण बरेचसे गेले. मेहनत, काटकसर, दयाळूपणा आणि देशप्रेम उरले. मुखपृष्ठावर नाव मात्र त्यांचेच. सर्वाधिक खपली ती हीच आवृत्ती. मोटारींचे हेन्री फोर्ड या मालेवर वाढले होते. त्यांनी ती पुनर्मुद्रित करवली आणि मॅकगफींचे ओंडक्यांचे जन्मघर उचलून मिशिगनमधील आपल्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या संग्रहालयात नेऊन उभे केले.

१९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील भक्तिभावाचे बायबलवाचन देशभर घटनाबाह्य ठरवले. पुढे विसेक वर्षांनी १८३६-३७ च्या मूळ पुस्तकांचे, पाप-तारणासह, पुनर्मुद्रण बाजारात आले. ते विकत घेणाऱ्यांत मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. ओंडक्यांच्या घरात आईजवळ बसून बायबल ऐकणाऱ्या मुलाची पुस्तके अशी पुन्हा घरातल्या टेबलावर आली आहेत. ऑक्सफर्डचे त्यांचे विटांचे घर आता संग्रहालय आहे, आणि तिथले अष्टकोनी टेबल आजही पाहायला मिळते.