जगदीशचंद्र बोस : फरीदपूरच्या पाठशाळेतील दिवस

थोर शास्त्रज्ञ आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९१५ मध्ये विक्रमपूर येथील परिषदेत भाषण करताना एका साध्या बंगाली पाठशाळेची आठवण मोठ्या जिव्हाळ्याने सांगितली होती. त्या वेळी ते साठीच्या जवळ पोहोचले होते आणि इंग्लंडमधील विद्वत्सभांत त्यांचे नाव आदराने घेतले जात होते. तरीही निसर्गाविषयीच्या आपल्या कुतूहलाचा उगम त्यांनी शोधला तो त्या पाठशाळेत, शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनी सांगितलेल्या गोष्टींमध्ये.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी झाला. विक्रमपूर परगण्यातील राढीखाल हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. हा सर्व प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. ते प्रारंभी मयमनसिंह येथे मुख्याध्यापक होते आणि पुढे फरीदपूरला उपदंडाधिकारी झाले. त्या काळी सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणार, हे गृहीतच असे. भगवानचंद्रांच्या हाताखालील कर्मचारीदेखील आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत पाठवीत होते. स्वतः भगवानचंद्रांनी मात्र जगदीशला, स्वतःच सुरू केलेल्या बंगाली पाठशाळेत घातले. मुलाने इंग्रजीआधी मातृभाषा शिकावी, आपल्या माणसांना ओळखावे आणि आपण इतरांपेक्षा कोणी निराळे आहोत अशी भावना त्याच्या मनात रुजू नये, असा त्यांचा विचार होता.

पाठशाळेत जगदीशच्या उजव्या बाजूला वडिलांच्या मुस्लिम चपराशाचा मुलगा बसे आणि डाव्या बाजूला एका मच्छीमाराचा. हेच त्याचे खेळगडी होते. पक्षी, प्राणी आणि पाण्यातील जीव यांच्याविषयी ते जे सांगत, ते त्यांच्या घरच्या रोजच्या अनुभवातले असे, आणि जगदीश ते भान हरपून ऐकत राही. शाळा सुटल्यावर हे मित्र त्याच्याबरोबर घरी येत. आई बामासुंदरीदेवी जुन्या वळणाच्या आणि आचारधर्म कटाक्षाने पाळणाऱ्या होत्या. परंतु या मुलांना आपल्या मुलाप्रमाणेच खाऊपिऊ घालताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. एकोणिसाव्या शतकातील बंगालमधील एका सनातनी घरात हे घडत होते, ही गोष्ट लहान नव्हे. कोणी जन्मानेच हीन असतो ही कल्पना आपल्या मनाला कधी शिवली नाही, याचे श्रेय जगदीशचंद्रांनी पुढे या बालमैत्रीलाच दिले.

त्या दिवसांतील आणखी एक व्यक्ती त्यांच्या कायम स्मरणात राहिली. भगवानचंद्रांनी एका दरोडेखोराला कारावासाची शिक्षा दिली होती. सुटका झाल्यावर, आता आपल्याला काम कोण देणार, असे म्हणत तो त्यांच्याकडेच आला, आणि त्यांनी त्याला नोकरीस ठेवले. छोट्या जगदीशला उचलून शाळेत नेण्या-आणण्याचे काम याच माणसाकडे होते. वाटेत तो आपल्या दरोड्यांच्या हकिकती सांगे, अंगावरील जखमांचे व्रण दाखवी. पुढे एकदा बोस कुटुंब नदीतून प्रवास करीत असताना लुटारूंच्या नौका पाठलाग करू लागल्या. तेव्हा या सेवकाने उभे राहून एक विशिष्ट आरोळी ठोकली आणि त्या नौका दिसेनाशा झाल्या. ज्या अधिकाऱ्याने तुरुंगात धाडले, त्याच्याच मुलाचा तो असा रक्षक झाला होता.

संध्याकाळी वडील घरी आले की जगदीशच्या प्रश्नांना सुरुवात होई. भगवानचंद्र दिवसभराच्या कामाने थकलेले असत, तरी ते शांतपणे ऐकून घेत आणि जे ठाऊक नसेल ते ठाऊक नाही असे मोकळेपणाने सांगत. गावात होणाऱ्या जात्रा, म्हणजे बंगाली लोकनाट्ये, आणि महाभारतातील कथा यांचेही जगदीशला वेड होते. त्याला अर्जुनापेक्षा कर्ण जवळचा वाटे. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला, झुंजत राहिलेला आणि अखेर पराभूत झालेला हा वीर त्यांनी आयुष्यभर मनाशी जपला. कर्णावर लिहावे, अशी गळ त्यांनी पुढे आपले स्नेही रवींद्रनाथ टागोर यांना घातली होती.

कर्णाच्या ओढीमागे वडिलांचे जीवनही होते. भगवानचंद्रांनी बर्धमान येथे अनाथ मुलांसाठी सुतारकामाच्या व धातुकामाच्या कार्यशाळा उघडल्या आणि लोकांच्या उत्कर्षासाठी अनेक उद्योगांत पैसा घातला. त्यांपैकी बहुतेक बुडाले आणि त्यांच्या डोक्यावर मोठे कर्ज झाले. लोकांच्या दृष्टीने ते अयशस्वी ठरले. मुलाला ते तसे कधीच वाटले नाहीत.

१८६९ मध्ये जगदीशची रवानगी कोलकात्यात झाली. काही काळ हेअर स्कूलमध्ये काढल्यावर तो सेंट झेवियर्समध्ये दाखल झाला. तेथील बहुसंख्य मुले इंग्रजी बोलणारी होती आणि याला तर ती भाषा जेमतेम येत होती. वडिलांच्या निर्णयाची किंमत येथे मोजावी लागली. वर्गातील मुले त्याला छळू लागली. अखेर त्यांच्यातील एका पटाईत मुष्टियोद्ध्याशी त्याची जुंपली आणि मार खाऊनही जगदीशने त्याला नमवले. त्यानंतर त्रास थांबला. वसतिगृहात फारसे मित्र नसल्याने तो पाळीव प्राणी आणि एक छोटीशी बाग यांत रमू लागला. खाऊचे पैसेही त्यातच खर्च होत.

पुढील वाटचाल सुपरिचित आहे. केंब्रिजमधील शिक्षण संपवून ते १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केल्यामुळे तीन वर्षे त्यांनी वेतन स्वीकारलेच नाही, पण शिकवणे एक दिवसही थांबवले नाही. वडिलांच्या कर्जाचा बोजा घरावर असतानाचा हा काळ होता. अखेर सरकारने थकबाकीसह पूर्ण वेतन दिले. वडिलोपार्जित जमीन विकूनही जे कर्ज उरले होते, ते पुढील काही वर्षांत जगदीशचंद्रांनी स्वतः फेडले. १८९५ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले आणि १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली.

१९२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्यानंतर वर्षभरातच त्यांचा ‘अव्यक्त’ हा लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. लहानपणापासून मैत्रीण वाटणारी नदी, झाडांचे मूक जीवन, अदृश्य प्रकाश असे विषय त्यात आहेत. त्यातील काही लेख त्यांनी मुलांच्या मासिकासाठी लिहिले होते. हे पुस्तक बंगालीत आहे.