व्हर्जिनिया ॲपगार

व्हर्जिनिया ॲपगार (जन्म : ७ जून १९०९, वेस्टफील्ड, न्यू जर्सी, मृत्यू : ७ ऑगस्ट १९७४, न्यू यॉर्क) या अमेरिकन भूलतज्ज्ञ, वैद्यकीय अध्यापक आणि नवजात शिशूंच्या आरोग्याच्या क्षेत्रातील अग्रणी संशोधक होत्या. बाळ जन्मल्यानंतर पहिल्याच मिनिटात त्याची प्रकृती तपासण्याची जी गुणपद्धती जगभर 'ॲपगार स्कोअर' या नावाने ओळखली जाते, ती त्यांनी तयार केली. आयुष्याची अखेरची १५ वर्षे त्यांनी मार्च ऑफ डाइम्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या धर्मादाय संस्थेत काम केले. जन्मजात व्यंगे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्रश्न लोकांपुढे आणण्याचे व त्यांवरील संशोधनाला दिशा देण्याचे काम त्यांनी तेथे केले.

बालपण आणि शिक्षण

चार्ल्स आणि हेलन ॲपगार यांच्या तीन अपत्यांपैकी व्हर्जिनिया सर्वांत धाकट्या होत. वडील विमा व्यवसायात होते. परंतु त्यांचा खरा ओढा विज्ञानाकडे होता. घराच्या तळघरात त्यांची प्रयोगशाळा होती आणि खगोलनिरीक्षण व बिनतारी संदेशवहन हे त्यांचे छंद होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिनतारी संदेशांमुळे एका जर्मन हेरयंत्रणेचा छडा लागला. घरात संगीताचेही वातावरण होते. व्हर्जिनिया लहानपणीच व्हायोलिन शिकल्या आणि ते त्यांनी जन्मभर सोडले नाही. या घराने आजारपणही जवळून पाहिले. एक भाऊ लहानपणीच क्षयाने दगावला, तर दुसरा दीर्घकाळ आजारी असे. १९२५ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाले, तेव्हाच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय झालेला होता.

माउंट होलिओक महाविद्यालयातून १९२९ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्राची पदवी घेतली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांना अनेक लहानमोठी कामे करावी लागली. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणणे हे त्यांपैकीच एक होते. तरीही खेळ, नाटक, वाद्यवृंद आणि महाविद्यालयाचे वृत्तपत्र या सर्वांत त्यांचा सहभाग असे. त्याच वर्षी त्यांनी न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. ९० विद्यार्थ्यांच्या त्या वर्गात अवघ्या ९ स्त्रिया होत्या. प्रवेशानंतर काही आठवड्यांतच शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. कर्ज काढून त्यांनी शिक्षण पुरे केले. १९३३ मध्ये त्या वर्गात चौथ्या आल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सुमारे ४,००० डॉलरचे कर्ज होते.

शल्यचिकित्सेकडून भूलशास्त्राकडे

ॲपगार यांना शल्यविशारद व्हायचे होते. प्रेस्बिटेरियन रुग्णालयातील शल्यचिकित्सेच्या उमेदवारीत त्यांचे काम उत्तम होते. मात्र विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना या मार्गापासून परावृत्त केले. त्यांनी शिकवलेल्या इतर स्त्री शल्यविशारदांना व्यवसायात जम बसवता आला नव्हता. मंदीच्या दिवसांत तर ते आणखी अवघड होते. दुसरीकडे, भूल देण्याचे काम त्या वेळी बहुतांशी परिचारिका करीत. या विषयाला शास्त्राचे रूप आल्याशिवाय शस्त्रक्रियेची प्रगती होणार नाही, अशी व्हिपल यांची धारणा होती. त्यासाठी लागणारी बुद्धी व धडाडी ॲपगार यांच्यात आहे, हे त्यांनी ओळखले. कर्जाचा भार डोक्यावर असलेल्या ॲपगार यांनी हा सल्ला मानला.

प्रथम त्यांनी आपल्याच रुग्णालयातील परिचारिकांकडून भूल देण्याचे शिक्षण घेतले. त्यानंतर १९३७ मध्ये विस्कॉन्सिन येथे राल्फ वॉटर्स यांच्याकडे आणि पुढे न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एमरी रोव्हेनस्टाइन यांच्याकडे त्यांनी प्रशिक्षण घेतले. १९३८ मध्ये त्या कोलंबियात परतल्या आणि भूलशास्त्र उपविभागाच्या प्रमुख झाल्या. मनुष्यबळ अपुरे, कामाचा बोजा मोठा आणि शल्यविशारदांकडून मिळणारी मान्यता थोडी, अशा स्थितीत त्यांनी सुमारे ११ वर्षे तो उपविभाग उभा केला. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला; पण प्रमुखपद इमॅन्युएल पॅपर यांना देण्यात आले. त्याच वर्षी ॲपगार पूर्ण प्राध्यापक झाल्या. कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

प्रशासनाच्या जबाबदारीतून मोकळ्या झाल्यावर त्यांनी आपले लक्ष प्रसूतीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या भुलीकडे वळवले. स्लोन स्त्री रुग्णालयातील प्रसूतिकक्ष हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

ॲपगार गुणपद्धती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील एकूण बालमृत्यू कमी होत होते; पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतील मृत्यूंत तशी घट दिसत नव्हती. प्रसूती होताच सर्वांचे लक्ष आईकडे जाई. निळसर पडलेले, नीट श्वास न घेणारे बाळ पुष्कळदा जगण्यास असमर्थ समजून बाजूला ठेवले जाई. नवजात शिशूच्या रक्तात प्राणवायू कमीच असायचा, असाही समज रूढ होता. कोणत्या बाळाला मदतीची गरज आहे, हे ठरवण्याचा एकसारखा निकष नसल्याने प्रत्येक डॉक्टर आपापल्या अंदाजाने चाले.

१९४९ मध्ये रुग्णालयाच्या उपाहारगृहात न्याहारी करताना एका विद्यार्थ्याने नवजात शिशूची तपासणी कशी करावी, असे विचारले. तेव्हा हाताशी आलेल्या कागदावर ॲपगार यांनी पाच मुद्दे लिहून दिले आणि लगेच ते प्रत्यक्ष पडताळण्यासाठी प्रसूतिकक्ष गाठला, असे सांगितले जाते. ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये भूलतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिच्यात पुढील पाच लक्षणे पाहिली जातात :

१. हृदयाचे ठोके : ठोके नसल्यास ०, मिनिटाला १०० पेक्षा कमी असल्यास १, त्याहून अधिक असल्यास २.
२. श्वसन : श्वास नसल्यास ०, मंद वा अनियमित असल्यास १, बाळ जोराने रडत असल्यास २.
३. स्नायूंचा ताण : अंग लुळे असल्यास ०, हातपाय थोडे दुमडलेले असल्यास १, हालचाल चांगली असल्यास २.
४. उत्तेजनेला प्रतिसाद : काहीच नसल्यास ०, केवळ चेहरा वेडावाकडा केल्यास १, रडल्यास वा शिंकल्यास २.
५. वर्ण : सर्वांग निळे वा पांढुरके असल्यास ०, हातपायच निळे असल्यास १, सर्वांग गुलाबी असल्यास २.

या गुणांची बेरीज ० ते १० यांच्या दरम्यान येते. प्रथम ही तपासणी जन्मानंतर एका मिनिटाने करण्याचे ठरले होते. पुढे पाच मिनिटांनी पुन्हा गुण देण्याची पद्धत रूढ झाली. तिला कोणतेही उपकरण अनिवार्य नव्हते आणि वेळही फारसा लागत नव्हता. प्रसूती करणाऱ्यानेच गुण देऊ नयेत, असा ॲपगार यांचा आग्रह होता. आपल्या हातून जन्मलेल्या बाळाकडे तटस्थपणे पाहणे अवघड असते, असे त्यांचे मत होते. या साध्या नियमामुळे प्रत्येक जन्माच्या वेळी केवळ बाळाकडे पाहणारी एक व्यक्ती प्रसूतिकक्षात असणे आवश्यक ठरले. गुण कमी आले की त्याची नोंद होई आणि नोंद झाली की काहीतरी करणे भाग पडे.

पुढील संशोधन त्यांनी डंकन हॉलाडे आणि स्टॅन्ली जेम्स यांच्यासमवेत केले. नाळेतील रक्ताची तपासणी करून त्यांनी दाखवून दिले की, रक्तात प्राणवायू कमी आणि आम्लता अधिक असलेल्या बाळांचे गुण कमी येतात. ही स्थिती नैसर्गिक म्हणून सोडून न देता तिच्यावर तत्काळ उपचार करायला हवेत, हे त्यातून स्पष्ट झाले. प्रसूतीच्या वेळी आईला दिलेल्या सायक्लोप्रोपेन या भुलीच्या वायूने बाळ मंदावते, असेही आढळले. हा वायू ॲपगार यांच्या विशेष पसंतीचा होता. परंतु निष्कर्ष हाती येताच त्यांनी प्रसूतीत त्याचा वापर थांबवला. १२ संस्थांमधील १७,२२१ बाळांच्या अभ्यासात, पाच मिनिटांच्या गुणांचा बाळांच्या जगण्याशी आणि मज्जासंस्थेच्या वाढीशी संबंध असल्याचे दिसून आले.

१९६२ च्या सुमारास डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जोसेफ बटरफील्ड यांनी ॲपगार या नावातील इंग्रजी अक्षरांवरून अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, ॲक्टिव्हिटी आणि रेस्पिरेशन असे पाच शब्द जुळवले. विद्यार्थ्यांना लक्षणे लक्षात ठेवणे त्यामुळे सोपे झाले. मात्र 'ॲपगार' हे केवळ आद्याक्षरांतून बनलेले नाव आहे, असा गैरसमजही त्यातून पसरला.

मार्च ऑफ डाइम्समधील कार्य

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओच्या निर्मूलनासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन केले होते. सामान्य नागरिकांनी पाठवलेल्या १० सेंटच्या नाण्यांतून, म्हणजे 'डाइम'मधून, त्याचा निधी उभा राहिला आणि त्यावरूनच मार्च ऑफ डाइम्स हे नाव रूढ झाले. जोनास साल्क यांच्या लसीच्या संशोधनाला याच संस्थेने अर्थसाहाय्य केले. १९५५ मध्ये ती लस यशस्वी ठरल्यावर संस्थेपुढे नव्या उद्दिष्टाचा प्रश्न उभा राहिला आणि १९५८ मध्ये तिने जन्मजात व्यंगांचा विषय हाती घेतला.

त्या सुमारास ॲपगार कोलंबियातून रजा घेऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेत होत्या. सांख्यिकीचे ज्ञान वाढवणे हा त्यामागील एक हेतू होता. १९५९ मध्ये त्यांनी तेथील पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच वर्षी मार्च ऑफ डाइम्सच्या जन्मजात व्यंग विभागाचे संचालकपद स्वीकारले. वयाच्या पन्नाशीत, प्राध्यापकपद आणि दोन दशकांहून अधिक काळाचा रुग्णालयीन अनुभव मागे ठेवून, त्या पूर्णतः नव्या क्षेत्रात उतरल्या.

व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळाविषयी त्या काळी उघडपणे बोलले जात नसे. अनेक कुटुंबे त्याकडे लाजिरवाणी गोष्ट म्हणून पाहत आणि माता स्वतःलाच दोष देत. ॲपगार यांनी देशभर प्रवास करून डॉक्टर, शिक्षक, स्वयंसेवक आणि पालक यांच्यापुढे व्याख्याने दिली. दूरचित्रवाणीवरही त्या बोलल्या. त्यांचे बोलणे जलद, सोपे आणि विनोदाची पेरणी असलेले असे. व्यंगांमागे शोधता येतील अशी कारणे असतात आणि त्यांपैकी काही टाळता येतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. गर्भवतीची सुरुवातीपासून तपासणी, औषधांच्या वापरात सावधगिरी आणि रक्तातील आर-एच घटकाची चाचणी यांवर त्यांचा भर असे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि तिच्यामुळे सुमारे २०,००० बाळे व्यंगांसह जन्मली. त्यानंतर रुबेलाविरोधी लसीकरणाचा त्यांनी हिरीरीने पुरस्कार केला. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीकडेही संस्थेने लक्ष द्यावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

१९६७ मध्ये त्या संस्थेच्या उपाध्यक्ष व मूलभूत संशोधनाच्या संचालक झाल्या आणि १९७३ मध्ये वैद्यकीय विभागाच्या वरिष्ठ उपाध्यक्ष झाल्या. त्यांच्या कार्यकाळात संस्थेचे वार्षिक उत्पन्न १.९ कोटी डॉलरवरून ४.६ कोटी डॉलरपर्यंत वाढले. याच काळात त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात जन्मजात व्यंगांचे शास्त्र शिकवले. जोन बेक यांच्यासह त्यांनी पालकांसाठी लिहिलेले 'इज माय बेबी ऑल राइट?' हे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

व्यक्तिमत्त्व

ॲपगार अविवाहित राहिल्या. बागकाम, मासेमारी, तिकीटसंग्रह असे त्यांचे अनेक छंद होते आणि पन्नाशी उलटल्यावर त्या विमान चालवायलाही शिकू लागल्या. रस्त्यात कोणाचा श्वास अडकल्यास उपयोगी पडावे म्हणून चाकू आणि श्वासनलिकेत घालायची नळी त्या सदैव जवळ बाळगत. स्त्री असल्यामुळे आपली अडवणूक झाली, असे त्या जाहीरपणे म्हणत नसत. परंतु वेतनातील विषमतेबद्दलची नाराजी त्या खासगीत व्यक्त करीत.

१९५६ मध्ये कार्लीन हचिन्स या वाद्यनिर्मात्या त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आल्या आणि त्या ओळखीतून ॲपगार स्वतः तंतुवाद्ये बनवू लागल्या. रुग्णालयाच्या दूरध्वनी कक्षातील मेपलच्या लाकडाची फळी व्हायोलाच्या पाठीसाठी उत्तम आहे, असे हचिन्स यांना दिसले. रुग्णालयाने ती देण्यास नकार दिला. तेव्हा दोघींनी रात्री तेथे जाऊन जुनी फळी काढली आणि तिच्याजागी तशीच दिसणारी दुसरी बसवली. नवी फळी किंचित लांब निघाल्याने हचिन्स प्रसाधनगृहात ती कापत असताना ॲपगार बाहेर पहारा देत होत्या. तो व्हायोला पुढे प्रत्यक्षात तयार झाला.

मृत्यू आणि सन्मान

यकृताच्या विकाराने ७ ऑगस्ट १९७४ रोजी, ज्या रुग्णालयात त्यांची कारकीर्द घडली त्याच कोलंबिया-प्रेस्बिटेरियनमध्ये त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्या कार्यरत होत्या. त्यांना १९६६ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल पुरस्कार आणि १९७३ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा राल्फ वॉटर्स पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले २० सेंटचे तिकीट काढले. १९९५ मध्ये राष्ट्रीय महिला कीर्तिदालनात त्यांचा समावेश झाला.

वारसा आणि मर्यादा

ॲपगार गुणांचा वापर आज जगभर होतो. भारतातील प्रसूतिगृहांतही बाळाच्या जन्माच्या नोंदीत एक मिनिटाचे आणि पाच मिनिटांचे गुण लिहिले जातात. या पद्धतीच्या मर्यादाही कालांतराने स्पष्ट झाल्या आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे स्नायू व प्रतिसाद वाढीअभावीच मंद असतात. त्यामुळे ते आजारी नसतानाही गुण कमी येऊ शकतात. सावळ्या वा काळ्या त्वचेच्या बाळांत वर्णाचा निकष नीट लागू पडत नाही. श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत पहिले मिनिट पुरे होण्याआधीच सुरू करावी लागते. तिच्यासाठी गुणांची वाट पाहिली जात नाही. तसेच केवळ या गुणांवरून एखाद्या बाळाचे भवितव्य सांगता येत नाही, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट केले आहे.

मार्च ऑफ डाइम्सच्या पुढाकाराने १९७६ मध्ये तयार झालेल्या अहवालात प्रसूती व नवजात शिशूंच्या उपचारांची स्तरनिहाय व्यवस्था सुचवण्यात आली. अधिक धोक्याच्या बाळांना सुसज्ज केंद्रात हलवण्याची पद्धत तिच्यातून रुळली. २००३ मध्ये संस्थेने अपुऱ्या दिवसांच्या जन्मांविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू केली. ज्या प्रश्नाकडे संस्थेने वळावे म्हणून ॲपगार यांनी प्रयत्न केले होते, तो त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीन दशकांनी तिच्या कार्याच्या केंद्रस्थानी आला.