वेल्सचे तीन पाय, वेल्सची चाकं: गेममधला रोबॉट रणगाड्यापेक्षा वेगळा कसा?

गेल्या महिन्यात माझ्या एका मित्राने त्याच्या स्ट्रॅटेजी गेमचा डेमो माझ्या फोनवर टाकला. वर्षभर रात्री जागून बनवलेला गेम. त्यात दोन सैन्यं: एकाकडे पायांवर चालणारे रोबॉट, दुसऱ्याकडे पट्ट्यांवर धावणारे रणगाडे. दहा मिनिटं खेळलो आणि त्याला सांगून टाकलं की बाबा, ही दोन सैन्यं नाहीतच, एकच आहे. हेल्थ तीच, स्पीड तोच, रेंज तीच, फक्त चित्र बदललंय. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मग मलाच वाईट वाटलं आणि म्हटलं, चल, शोधू या की हा फरक आधी कुणी नीट विचारात घेतला होता का. शोधता शोधता पोचलो १९४६ साली वारलेल्या एका इंग्रज लेखकापर्यंत. हर्बर्ट जॉर्ज वेल्स, म्हणजे आपला 'टाइम मशीन'वाला एच. जी. वेल्स.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, केंट परगण्यातल्या ब्रॉम्ली गावचा. वडिलांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं, ते काही नीट चालायचं नाही. पण वडील क्रिकेटर होते. १८६२ मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी सलग चार चेंडूंवर चार विकेट घेतल्या होत्या! पोरगा सात-आठ वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडून पुस्तकं वाचायची सवय लागली ती तिथे. पुढे काही वर्षांनी वडिलांचाही पाय मोडला, क्रिकेट संपलं आणि घरात येणारा तो पैसाही थांबला. आई एका जमीनदाराच्या हवेलीत घरकारभार सांभाळायला गेली आणि मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला ठेवलं. सकाळपासून रात्रीपर्यंत ठाण उलगडायचे आणि परत गुंडाळायचे. हे काम त्याला जाम नकोसं होतं. शेवटी तो त्यातून सुटला, शिष्यवृत्ती मिळवून १८८४ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला सायन्स शिकायला गेला आणि तिथे टी. एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्र शिकला.

हे जीवशास्त्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८९५ मध्ये 'टाइम मशीन' आलं, नाव झालं, आणि वेल्स वोकिंग गावात राहायला गेला. तिथे तो सायकल शिकला. या सायकलवरून आसपासच्या गावांत फिरताना तो ठरवत असे की मंगळावरून आलेले हल्लेखोर कुठलं घर जाळतील, कुठल्या रस्त्याने येतील. आज आपण ज्याला लेव्हल डिझाइन म्हणतो ते हेच की! ही कथा १८९७ मध्ये मासिकातून आणि १८९८ मध्ये पुस्तक म्हणून आली: 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'.

मजा बघा. स्वतः चाकावरून फिरणाऱ्या या माणसाने मंगळवासीयांना चाक दिलंच नाही. पुस्तकात तो मुद्दाम नोंदवतो की त्यांच्या यंत्रांत चाक नावाची गोष्ट दिसत नाही. निसर्गात प्राण्यांना चाकं नसतात, पाय असतात. जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सुचणारच. त्याची यंत्रं तीन पायांची, घरांपेक्षा उंच, झाडांवरून ढांगा टाकत जाणारी. मासिकातल्या चित्रकाराने ती ताठ, लाकडासारखी काढली होती, ते वेल्सला मुळीच पटलं नाही. पुस्तकाच्या आवृत्तीत त्याने अशा चित्रांवर टोमणाच मारून ठेवलाय.

पण पायांची किंमतही त्याने मोजली, आणि मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. एवढं उंच यंत्र लांबूनच दिसतं. शेपर्टनजवळ नदीत उभ्या असलेल्या एका यंत्राच्या डोक्यावर तोफगोळा बसतो, आतला मंगळवासी मरतो, पण पाय थांबत नाहीत. यंत्र तसंच सरळ चालत जाऊन चर्चच्या मनोऱ्यावर आदळतं आणि मगच कोसळतं.

आता दुसरी बाजू. डिसेंबर १९०३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात त्याची 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा छापून आली. यात लोखंडी कवचाची, लांबलचक, बुटकी वाहनं खंदक ओलांडून शत्रूवर चालून जातात. ती पेडरेल चाकांवर चालतात. ही चाकं वेल्सची कल्पना नव्हे, ब्रॅमा डिप्लॉक नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा खराखुरा शोध होता. चाकाच्या कडेला गोल पावलं बसवलेली. चाक फिरलं की एकेक पाऊल जमिनीवर सपाट टेकतं. म्हणजे अर्धं चाक, अर्धा पाय. साधं चाक मऊ मातीत रुततं, कारण सगळं वजन छोट्याशा जागेवर येतं. पावलं असली की वजन पसरतं. रणगाड्याच्या पट्ट्याही हेच काम करतात.

आणि ऐका, या वाहनांतले सैनिक आत अंधाऱ्या खोपटात बसतात, बाहेरचं चित्र समोर पडतं, त्यावर दोन आडव्या-उभ्या रेषा असतात, नेम धरायचा आणि बटण दाबायचं. १९०३ साली! आपण बसमध्ये बसून अंगठ्याने वेगळं काय करतो?

मग गेम. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं. जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडायचे, ठोकळ्यांची घरं उभारायची आणि स्प्रिंगच्या तोफेने खरोखर नेम धरून पाडायचे. पायदळ एका चालीत १ फूट, घोडदळ २ फूट. तोफेच्या ६ इंचांच्या आत स्वतःचे किमान ४ शिपाई नसतील तर ती उडवता येत नाही. एका चालीत तोफ एकतर हलेल किंवा उडेल, दोन्ही नाही, आणि उडाली तर जास्तीत जास्त ४ गोळे. बस्स. एवढ्या नियमांत तिन्ही युनिट्स वेगळी वाटतात, कारण प्रत्येकाला काहीतरी करता येत नाही. माझ्या मित्राच्या गेममध्ये नेमकं हेच नव्हतं.

या खेळात ना तीन पायांची यंत्रं होती, ना लोखंडी वाहनं. का ठेवली नसतील? मला वाटतं, त्याच्या लेखी ती खेळण्यातली वस्तू नव्हतीच. त्याच पुस्तकात तो म्हणतो की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशी खोलीत बसून भागवावी, खऱ्या युद्धात फार रक्त आणि फार मूर्खपणा असतो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हाच वेल्स हे युद्ध म्हणजे युद्धं संपवणारं युद्ध आहे असं लिहू लागला. मला तो इथे चुकलेला वाटतो, पण त्या वेळी त्याच्यासारखे बरेच होते. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत पहिले खरे रणगाडे उतरले. कथेतलं वाहन जमिनीवर आलं. दुसरं महायुद्धही त्याने लंडनमध्येच राहून पाहिलं. १३ ऑगस्ट १९४६ ला तो गेला, वयाच्या ७९ व्या वर्षी.

कॉम्प्युटर गेमवाल्यांनी हा हिशोब पुढे चालवला. 'टोटल अ‍ॅनिहिलेशन' (१९९७) मध्ये चालणारे केबॉट आणि वाहनं असे वेगळे कारखानेच आहेत. केबॉट जास्त तीव्र चढ चढतात, वाहनं सपाटीवर भारी पडतात. 'स्टारक्राफ्ट २' मधला लांब पायांचा कोलोसस कडे सहज चढतो-उतरतो, पण इतका उंच आहे की विमानं पाडणारी शस्त्रंही त्याला लागतात.

मित्राने आता नियम बदललेत. रोबॉट डोंगर ओलांडतो, पण उंचीमुळे धुक्याआडूनही शत्रूला दिसतो. रणगाड्याचं कवच जाड, सपाटीवर स्पीड जास्त, पण खोल खंदकापाशी थांबावं लागतं. आणि रोबॉटचा पायलट मेला तरी पाय वीस पावलं सरळ चालत राहतात. काल मी असाच एक पायलट टिपला आणि तो रोबॉट चालत येऊन माझ्याच कारखान्यावर आदळला.