माळ्यावरचं बोचकं

मैत्रिणींनो, दसऱ्याला घर काढलं की माळ्यावरचं सगळं खाली येतं ना? माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मोहोळच्या आमच्या घरात लाल रुमालात बांधलेले मोडी कागद निघाले. वाळवी लागलेले. कुणालाच वाचता येईनात. मीच ते बंबात घातले.

पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांचं चरित्र वाचलं आणि पोटात कालवलं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३चा. ऐन तारुण्यात पत्नी गेली, पण त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. बी.ए. झालेला हा माणूस जुन्या दप्तरांपायी गावोगाव हिंडला. हाताने रांधून खायचे म्हणे. (आपण रोज रांधतो, त्याची चरित्रात नोंद नाही!) वाईत त्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली. दूर उत्तरेत गेलेल्या आपल्या फौजांची हालहवाल त्यात होती. पैशाची ओढ, दाण्यावैरणीची चिंता, सगळं. १८९८ साली त्यांनी ती छापली. पुढे असे बावीस खंड झाले. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यात गेले.

त्यांनी कागद शोधले ते वाड्यांतून, देवघरांतून, माळ्यांवरून. आणि घरातला माळा कोण झाडतं? आपणच. आमच्या बंबात काय जळालं, जमिनीचा कागद की कुणा शिपायाचं घरी आलेलं पत्र, हे आता कळायचं नाही. म्हणून यंदा मंडळातल्या बायकांना सांगून ठेवलंय, रुमाल निघाला तर आधी मला हाक मारा.